चिमटा काढताना

रात्रभर चार्जिंगला लावलेली बॅटरी आहे. सकाळी गाडी काढायची घाई. माणूस बॉनेट वर करतो, चार्जरवरचा हिरवा दिवा पाहतो, "झाली वाटतं" म्हणतो आणि हाताला येईल तो चिमटा धरून ओढतो. बारीक 'टक्' होतं. चिमट्याच्या दातांपाशी एक निळसर ठिणगी दिसते न दिसते आणि विझते. पुढच्या क्षणी वायरी गुंडाळून झालेल्या असतात, भिंतीवरचं बटण मात्र अजून चालूच असतं. गाडी पहिल्याच सेल्फला सुरू होते. कुणाला काही लागलेलं नसतं, काही जळालेलं नसतं, आणि म्हणूनच पुढच्या वेळीही चिमटा असाच ओढला जाणार असतो. पण त्या काळ्या डब्याच्या पोटात रात्रभर काय चाललं होतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या डोळ्यांपुढून ती ठिणगी लवकर हलत नाही.

ठिणगी उडायला त्याहून वाईट जागा नाही, आणि त्याहून वाईट वेळही नाही.

बॅटरी चार्जिंगला लावताना सगळेच जपून असतात. लाल कुठे, काळा कुठे, दोनदा बघतात, एखाद्या जाणत्याला विचारून घेतात. काढताना ती धास्ती गेलेली असते, कारण काम झालेलं असतं. वास्तविक उतरलेली बॅटरी त्यामानाने गरीब. तिला दिलेला करंट प्लेटांच्या रसायनात मुरत असतो, वायू फारसा सुटत नाही. बॅटरी भरत आली की मुरायला जागा उरत नाही, आणि मग तोच करंट आतल्या पाण्याची फोड करायला लागतो. हायड्रोजन सुटतो, ऑक्सिजन सुटतो. म्हणजे धोका सुरुवातीला कमी आणि शेवटाला जास्त, आणि आपली सावधगिरी बरोबर उलटी.

बाहेरून हा डबा अगदी मुका दिसतो. आत सहा कप्पे, म्हणजे सहा सेल, एकामागोमाग एक जोडलेले. प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट, सहांचे मिळून १२.६. पॉझिटिव्ह प्लेटवर चॉकलेटी रंगाचा लेड डायऑक्साइड, निगेटिव्हवर करडं, स्पंजासारखं सच्छिद्र शिसं, आणि दोघांच्या मध्ये पातळ सल्फ्युरिक ॲसिड. वीज काढून घेतली की ॲसिडमधला सल्फेट दोन्ही प्लेटांवर जाऊन बसतो आणि मागे नुसतं पाणी वाढत जातं. चार्ज केलं की तोच सल्फेट प्लेटा सोडून पुन्हा द्रावणात उतरतो. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिशाचे पत्रे ॲसिडमध्ये बुडवून हे करून दाखवलं, १८८१ मध्ये कामिय फोर याने लेप दिलेल्या प्लेटा आणल्या, आणि मूळ क्रिया आजही तीच आहे. घडून गेलेली गोष्ट इतक्या नेटकेपणाने उलटी फिरवता येते, याचं मला अजून नवल वाटतं. मात्र त्याला वेळेची अट आहे. नुकता बसलेला सल्फेट बारीक कणांचा असतो, चार्जरला लगेच दाद देतो. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली की त्याचे मोठे, कडक स्फटिक होतात आणि मग कितीही चार्ज केलं तरी ते जागा सोडत नाहीत. 'बॅटरी सल्फेट झाली' म्हणतात ते हेच. असली बॅटरी चार्जरवर चटकन भरल्यासारखी दिसते आणि दोन सेल्फ मारले की बसते.

उभ्या गाडीची बॅटरी उतरते कशी, याचा हिशेब साधा आहे. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, लॉकचा रिसीव्हर, कॉम्प्युटरची स्मृती यांना थोडा थोडा करंट लागतोच. तो ५० मिलिअँपिअर धरला तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास झाले (एक अँपिअर-तास म्हणजे एक अँपिअर तासभर वाहिला की होते तेवढी वीज). ४५ अँपिअर-तासांची बॅटरी अशाने एकोणीस-वीस दिवसांत अर्ध्यावर येते. शिवाय बॅटरी स्वतःच आतल्या आत थोडी झिजत असते, उष्ण हवेत आणखी वेगाने. महिनाभर गाडीला हात लावला नाही आणि सेल्फ मारल्यावर नुसतं 'टिक-टिक-टिक' ऐकू आलं, तर तो आवाज सोलेनॉइडचा, म्हणजे स्टार्टरला वीज जोडून देणाऱ्या चुंबकी स्विचचा. सोलेनॉइड ओढण्यापुरता जोर बॅटरीत आहे, पण स्टार्टरचा भार पडताच व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतं, व्होल्टेज पुन्हा सावरतं, सोलेनॉइड पुन्हा ओढलं जातं. अशा वेळी धक्का मारून गाडी सुरू करायची आणि 'चालवली की होईल चार्ज' म्हणायचं, हा उपाय अर्धवट आहे. अल्टरनेटरचं, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचं, काम चालू गाडीचा खर्च भागवून बॅटरीची वरवरची तूट भरून काढण्याचं. तळाला गेलेली बॅटरी अर्ध्या तासाच्या चालवण्याने भरत नाही, आणि अल्टरनेटर मात्र उगाच तापतो.

चार्जर आणण्याआधी बॅटरीकडे नीट बघावं. डब्याच्या बाजू फुगल्यात का, कुठे तडा आहे का, खाली ओल आहे का, टर्मिनल सैल होऊन हलतंय का. यातलं एक जरी दिसलं तरी ती बॅटरी चार्ज करायची नाही, बदलायची. कडाक्याच्या थंडीत उघड्यावर राहिलेल्या बॅटरीचं आणखी एक दुखणं असतं. भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड उणे ५० अंशांनाही गोठत नाही, पण पुरती उतरलेली बॅटरी म्हणजे जवळपास पाणीच, ती उणे दहाच्या अलीकडे-पलीकडे गोठते. गोठलेल्या बॅटरीत करंट सोडणं म्हणजे फुटायला आमंत्रण. मल्टिमीटर लावून व्होल्टेज पाहावं, तेही बॅटरी काही तास निवांत राहिल्यावर. १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ ला आली म्हणजे पाव उरली, आणि ११.९ च्या खाली काहीच उरलं नाही असं समजावं. झाकणं उघडता येणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिड पाण्याच्या किती पट जड आहे हे दाखवणारी नळी, याहून खरं बोलतो. नळीत ॲसिड ओढलं की भरलेल्या सेलमध्ये तरंगणी १.२६५ ते १.२८ च्या दरम्यान उभी राहते, उतरलेल्यात १.१२ पर्यंत बुडते. सहाही सेल तपासायचे. पाच १.२४ दाखवतायत आणि एकच १.१५, तर दुखणं त्या एका कप्प्यात आहे. काही सीलबंद बॅटऱ्यांवर हिरवा 'डोळा' असतो, त्याच्यावर फार विसंबू नये. तो सहांपैकी एकाच सेलचा असतो. तो पिवळट किंवा पांढरा दिसला, म्हणजे आतली पातळी खाली गेली आहे, तर तीही बॅटरी चार्जिंगला लावायची नाही.

बॅटरी गाडीतच ठेवून चार्ज करायची की बाहेर काढून, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावं. काढायची असेल तर एक क्रम कधीही बदलायचा नाही, तो म्हणजे निगेटिव्ह आधी. हल्लीच्या बहुतेक गाड्यांची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह जागेवर असताना पॉझिटिव्हचा नट सोडवायला घेतला आणि पान्याचं दुसरं टोक बॉडीच्या पत्र्याला टेकलं, की थेट शॉर्ट. क्षणात शेकडो अँपिअर वाहतात, पाना जागेवर चिकटू शकतो, लाल होऊ शकतो. निगेटिव्ह आधी सोडलेलं असेल तर पाना बॉडीला टेकला तरी काही घडत नाही. बसवताना याच्या उलट, पॉझिटिव्ह आधी आणि निगेटिव्ह शेवटी. बोटातली अंगठी आणि मनगटावरचं धातूचं घड्याळ या कामाआधीच उतरवून ठेवायचं. अंगठीतून शॉर्ट झाला तर ती काढायला वेळ मिळत नाही, बोट आधी भाजतं. बॅटरी उचलताना सरळ धरावी, आडवी करू नये, आणि गाडीची वजनदार बॅटरी कंबरेत वाकून उचलू नये. एक लहानशी गोष्ट म्हणजे बॅटरी सोडायच्या आधी किल्ली खिशात आहे ना हे बघावं, नाहीतर डिकी विजेवरच उघडणारी असली की पंचाईत होते.

जागा कुठली, यावर लोक फार कमी विचार करतात. झोपायची खोली नाही, स्वयंपाकघर नाही, गिझर किंवा पायलट ज्योत असलेली जागा नाही, मुलांच्या वाटेत नाही. वारा खेळता हवा. हायड्रोजन हवेपेक्षा चौदा पट हलका, तो वर जाऊन छताखाली साचतो, म्हणून खालचा दरवाजा किलकिला ठेवून भागत नाही, वरच्या बाजूने वाट हवी. बॅटरी गाडीत असेल तर बॉनेट पूर्ण वर, सीटखाली किंवा डिकीत असेल तर दारं आणि डिकी सताड उघडी. बॅटरी सिमेंटच्या जमिनीवर ठेवली की उतरते, असं अजूनही ऐकू येतं. जुन्या काळच्या लाकडी आणि कडक रबराच्या डब्यांबाबत त्यात काही तथ्य असेल, आजच्या प्लास्टिकच्या डब्यातून जमिनीत काही झिरपत नाही. जमीन सपाट असावी, एवढंच. चार्जर मात्र बॅटरीच्या डोक्यावर ठेवायचा नाही. वर येणारी ॲसिडची वाफ त्याला खाते, आणि ठिणगी पडू शकेल अशी वस्तू वायूच्या वाटेत येते. वायरी पुरतील तितका लांब, बाजूला ठेवावा.

चार्जर निवडताना एक जुना हिशेब अजून उपयोगी पडतो. बॅटरीच्या अँपिअर-तासांच्या दहाव्या भागाइतका करंट. ४५ च्या बॅटरीला साडेचार अँपिअर, ३५ च्या बॅटरीला साडेतीन. दुचाकीची बॅटरी ५ अँपिअर-तासांची असेल तर तिला फक्त अर्धा अँपिअर. इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. घरात कारचा चार्जर असतो, तोच दुचाकीच्या मुठीएवढ्या बॅटरीला लावला जातो, आणि चार-पाच अँपिअर खाऊन ती तासाभरात हाताला चटका देईल इतकी तापते. दुचाकीच्या बहुतेक नव्या बॅटऱ्या सीलबंद. त्यांत सुटलेला वायू पुन्हा पाणी होऊन मुरावा अशी सोय असते, पण तिला ठरावीक वेग झेपतो. त्याहून जोरात वायू झाला की झडप उघडते, वायू बाहेर जातो आणि ते पाणी परत घालायला जागाच नसते. बॅटरी आतून कोरडी पडते. सीलबंद झाकण उचकटून पाणी घालायचा प्रयत्न करू नये.

व्होल्टेजचीही तीच कथा. साध्या, पाण्याच्या बॅटरीला १४.४ व्होल्टच्या आसपास भरून घ्यायचं आणि मग १३.५ वर नुसतं टिकवून धरायचं. एजीएम बॅटरी (ॲसिड काचतंतूंच्या गादीत शोषलेली) १४.४ ते १४.७ चालवून घेते, जेल बॅटरीला (ॲसिड जेलीसारखं घट्ट केलेली) १४.२ च्या आसपास थांबावं लागतं. चार्जरवर बॅटरीचा प्रकार निवडायचं बटण असेल तर ते योग्य जागी आहे ना, हे रोजची सवय असली तरी पाहावं. 'रिपेअर' किंवा 'डिसल्फेट' नावाचं बटण साडेपंधरा व्होल्टपर्यंत चढू शकतं, ते सीलबंद बॅटरीला लावायचं नाही, आणि बॅटरी गाडीला जोडलेली असताना तर नाहीच, गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सवर तो दाब पडतो. हे आकडे २५ अंश तापमानाचे. चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात तेच १४.४ जास्त होतात, १४.१ पुरतात. घराघरांत पडून असलेले जुने, जड, घुमणारे चार्जर यातलं काही पाळत नाहीत. ट्रान्सफॉर्मर आणि डायोड, बस्स. बॅटरी भरली तरी ते ढकलतच राहतात आणि व्होल्टेज सोळाच्या पुढेही जातं. तसला चार्जर वापरायचा असेल तर घड्याळ लावून शेजारी थांबायची तयारी हवी. रात्री लावून झोपणं त्याच्या बाबतीत तरी नको.

आता जोडणी. चार्जरचा प्लग भिंतीत नाही, बटण बंद. आधी लाल चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दात नीट रुतेपर्यंत हलवून. बॅटरी गाडीत असेल तर काळा चिमटा निगेटिव्ह टर्मिनलवर लावायचा नाही. तो इंजिनाच्या किंवा चासीच्या रंग नसलेल्या जाड धातूला, बॅटरीपासून हातभर दूर, पेट्रोलच्या नळीपासून आणि पंख्यापासून लांब. कारण एकच, शेवटची जोडणी होताना जी ठिणगी उडण्याची शक्यता असते ती वायूच्या जागी उडू नये. नव्या गाड्यांत आणखी एक कारण आहे. निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर बसवलेला असतो. चिमटा थेट टर्मिनलवर लावला तर आत गेलेला करंट त्याच्या हिशेबात येत नाही आणि गाडी बॅटरीला रिकामीच समजत राहते. दोन्ही चिमटे लागले, ओढून पाहिले, आणि मग भिंतीत प्लग, मग बटण. तीन पिनांचा प्लग, अर्थिंग असलेलं सॉकेट, आणि जोड मारलेली एक्स्टेन्शन नको. चिमटे उलटे लागले तर बरे चार्जर नुसता लाल दिवा दाखवून गप्प बसतात. जुने बसत नाहीत, त्यांच्याबरोबर अल्टरनेटरचे डायोड आणि मोठे फ्यूज जाऊ शकतात. टर्मिनलवरचा लाल प्लास्टिकचा टोप खात्रीचा नसतो, बदललेला असू शकतो. बॅटरीच्या अंगावर कोरलेलं अधिक चिन्ह बघावं. दोन खांबांपैकी जाड तो पॉझिटिव्ह, ही खूणही बहुतेक बॅटऱ्यांना लागू पडते.

मग ते मधले तास. अर्धी उतरलेली ४५ ची बॅटरी म्हणजे २२ अँपिअर-तासांची तूट. वाटेत वाया जाणारं धरून २६-२७ घालावे लागतात. साडेचार अँपिअरने सहा तास, आणि शेवटी करंट घटत जातो म्हणून प्रत्यक्षात आठ-दहा. पहिला ऐंशी टक्के भाग झपाट्याने भरतो, उरलेला वीस टक्के चिवट असतो, आणि लोक तिथेच कंटाळून चार्जर काढतात. अशी वारंवार ऐंशीवर सोडलेली बॅटरी हळूहळू सल्फेट होते. सुरुवातीच्या तासांत डब्याशी कान नेला तर काही ऐकू येत नाही. (कान नेऊ नये, तोंड बॅटरीच्या वर कधीच नेऊ नये, पण शांत खोलीत दोन हातांवरूनही कळतं.) व्होल्टेज १४.४ च्या जवळ गेलं की आत बारीक सळसळ सुरू होते, साबणाचा फेस विरताना होते तशी. झाकणाच्या भोकांतून पाहिलं तर द्रावण दुधाळ दिसतं, इतके बारीक बुडबुडे. सहाही सेल सारखे बुडबुडत असतील तर ते बॅटरी भरत आल्याचं चिन्ह. हाताच्या पाठीने डब्याची बाजू तपासावी. कोमट ठीक. हात ठेववत नसेल, म्हणजे ५० अंशांच्या वर गेली असेल, तर भिंतीवरचं बटण बंद करून थंड होऊ द्यावी. वासावरही लक्ष ठेवावं. किंचित आंबूस, घशाला टोचणारा वास ॲसिडच्या तुषारांचा. कुजलेल्या अंड्यासारखा वास आला तर मात्र तो हायड्रोजन सल्फाइड, विषारी. बॅटरी बेसुमार चार्ज होतेय किंवा एखादा सेल मेलाय. बॅटरीपाशी जायचं नाही, चिमट्याला हात लावायचा नाही, लांबूनच वीज बंद करायची, दारं-खिडक्या उघडायच्या आणि बाहेर पडायचं.

त्या सळसळीचा हिशेब एकदा मांडून बघितला की ठिणगीचं भय उगाच नाही हे पटतं. भरून झालेल्या बॅटरीत गेलेला प्रत्येक अँपिअर-तास सहा सेल मिळून सुमारे अडीच लिटर हायड्रोजन सोडतो. पाच अँपिअरचा जुना चार्जर एक तास जास्त राहिला तर साडेबारा लिटर. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की मिश्रण पेट घेऊ शकतं, आणि साडेबारा लिटर म्हणजे तीनशे लिटर हवेचे ४ टक्के. तीनशे लिटर म्हणजे एखादं मध्यम कपाट. एका खोलीला हे कमी वाटेल, बंद बॉनेटखालच्या कोपऱ्याला नाही. आणि हे झालं बाहेरचं. सेलच्या आत, द्रावणाच्या वर जी पोकळी असते, तिथे हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोनास एक या प्रमाणातच जमलेले असतात, जळायला याहून नेमकं प्रमाण नाही. पाणी कमी झालेल्या बॅटरीत ही पोकळी मोठी, म्हणजे भडका उडाला तर तोही मोठा. पेटायला लागणारी ऊर्जा किती, तर मिलिज्यूलचा पन्नासावा भाग. कृत्रिम धाग्याचा कपडा अंगावरून काढताना जी चटचट होते, त्यातली एकेक ठिणगी याच्या कितीतरी पट मोठी असते. फुटलेल्या बॅटरीचं झाकण उडतं आणि ॲसिड चेहऱ्याच्या उंचीला येतं. म्हणून डोळ्यांवर बाजूने बंद असलेला चष्मा. नुसता नंबरचा चष्मा नाही.

सगळेच सेल सारखे वागत नाहीत, त्याबद्दल थोडं. एक सेल आतून शॉर्ट झाला असेल तर बॅटरी साडेदहा व्होल्टच्या आसपास अडकून बसते. चार्जर तिला १४.४ वर न्यायला बघतो, आणि तो सगळा दाब उरलेल्या पाच सेलवर पडतो, प्रत्येकी जवळजवळ २.९ व्होल्ट. ते पाच खळखळ उकळल्यासारखे बुडबुडतात, एक गप्प राहतो, डबा तापतो. रात्रभरात व्होल्टेज चढत नाही म्हणून आणखी एक रात्र लावायची, ही चूक इथे महागात पडते. कितीतरी तास होऊन तेराच्या पुढे जात नसेल तर त्या बॅटरीत अर्थ राहिलेला नाही. याउलट अगदी तळाला गेलेली, तीन-चार व्होल्टची बॅटरी नवे चार्जर ओळखतच नाहीत, 'जोडलेलं काही नाही' समजून सुरूच होत नाहीत. शेजारी दुसरी भरलेली बॅटरी जोडून चार्जरला फसवायची युक्ती सांगितली जाते. दोन बॅटऱ्या जोडताच त्यांच्यामध्ये न मोजलेला मोठा करंट धावतो. घरी हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. असली बॅटरी करंट नेमका ठरवता येणाऱ्या चार्जरवर, जाणत्याच्या नजरेखाली, हळू उठवावी लागते, आणि तरी ती पूर्वीसारखी होईलच असं नाही.

पाणी घालायची वेळही बहुतेकांची चुकते. चार्ज करण्याआधी झाकणं उघडून काठोकाठ भरलं, की चार्ज होताना द्रावण फुगतं, वर चढतं आणि भोकांतून बाहेर येतं. बाहेर आलेलं ते पाणी नसतं, ॲसिड असतं. मग ट्रे गंजतो, आणि पुढच्या वेळी पाणी घातलं की आतलं द्रावण पातळ होत जातं. आधी फक्त प्लेटा बुडतील एवढंच घालावं, तेही प्लेटांची डोकी उघडी पडली असतील तरच. उरलेलं चार्ज झाल्यावर, खुणेपर्यंत. पाणी डिस्टिल्डच, नळाच्या पाण्यातलं लोह आणि क्लोराइड प्लेटांना बाधतं. वरून ॲसिड कधीच घालायचं नाही. बॅटरीतून पाणी उडतं, ॲसिड आतच असतं. चार्जिंगच्या वेळी झाकणं जागेवर असावीत आणि त्यांची वायू जाण्याची भोकं धुळीने बुजलेली नसावीत.

ॲसिड अंगावर उडालं तर लगेच जाणवतंच असं नाही. हाताला आधी नुसतं गुळगुळीत, मग खाज, मग आग. सुती कपड्यावर तर दिसतच नाही, पुढच्या धुण्यात तिथे भोकं पडतात. जमिनीवर किंवा टर्मिनलवर सांडलेल्याला खायचा सोडा. पाण्यात कालवून टाकला की फसफसतो, फसफस थांबली म्हणजे ॲसिड संपलं. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशीसारखी साय याच सोड्याने आणि जुन्या ब्रशने निघते, मग कोरडं करून पेट्रोलियम जेलीचा हात. सोड्याचा थेंबही सेलमध्ये जाता कामा नये. डोळ्यात ॲसिड गेलं तर मात्र सोडा नाही, काहीच नाही, फक्त स्वच्छ वाहतं पाणी, पापण्या बोटांनी उघड्या धरून निदान पंधरा-वीस मिनिटं, आणि मग तडक डॉक्टर. म्हणून काम सुरू करायच्या आधीच पाण्याची बादली आणि तांब्या हाताशी हवा. आंधळेपणाने नळ शोधत फिरायची वेळ येऊ नये. शेवटी हात साबणाने धुवायचे, बोटांना शिसंही लागलेलं असतं.

आणि मग ती सकाळ. हिरवा दिवा लागलेला आहे. आत सळसळ असेल किंवा नसेल, पण झाकणाखाली आणि भोकांच्या तोंडाशी वायू आहे असंच धरून चालायचं. पहिला हात चिमट्याला नाही, भिंतीवरच्या बटणाला. बटण बंद, प्लग बाहेर. आता वायरीतून काहीही वाहत नाही. दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्यायचं, साचलेलं हवेत विरून जाऊ द्यायचं. मग आधी तो दूरचा, चासीवरचा काळा चिमटा. त्याला सरळ ओढायचं नाही, दाबून तोंड उघडायचं आणि उचलायचा. तो हातात मोकळा लोंबू द्यायचा नाही, लालला टेकणार नाही असा बाजूला ठेवायचा. मग लाल. बॅटरी गाडीबाहेर असेल तरी क्रम तोच, काळा आधी, लाल नंतर.

या वेळी मीटर लावला तर तो १३.२ किंवा तसंच काही दाखवेल. ते खरं नाही, प्लेटांच्या पृष्ठभागावरचा तो तात्पुरता भर आहे. चार-सहा तास बॅटरीला हात लावायचा नाही. दुपारी पुन्हा मीटर टेकवायचा आणि आकडा थबकेपर्यंत बघत राहायचं. १२.६८. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. १२.६५ च्या आसपास असेल तर तिला गाडीत बसवायचं, पॉझिटिव्ह आधी.